कुमठ्याहून परतल्यावर

प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, असं सांगणाऱ्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयाला 22 जून 2025 रोजी दहा वर्षं झाली. रविवार होता. आमच्या गुरुजींच्या ग्रुपवर त्या दिवशी एकच निरोप फिरत होता: अमुक लिंक आजच भरा.

त्याआधीचं थोडक्यात उरकतो. नव्वदीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. पहिल्या टप्प्यातच आमच्या परभणीचा नंबर लागला. प्रशिक्षणात आम्ही टाळ्या वाजवल्या, गाणी म्हटली आणि वर्गात येऊन पुन्हा फळ्याकडे तोंड केलं. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तर वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात मिळू लागली. एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर उतरवून वर्षं निघाली.

कुमठे बीट मात्र खरं होतं. सातारा जिल्ह्यातल्या त्या बीटातल्या, म्हणजे शाळागटातल्या, जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना हाताशी धरून ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या कृतीतून शिकतं हा विचार, वर्गात उतरवला होता. तो बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात. आम्हीही गेलो. परत आल्यावर ऑइलपेंट आणून वर्गाची फरशी रंगवली, चिंचोके जमवले, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. हातचा कुठून येतो, हे दुसरीतल्या लेकरांनी गठ्ठा सोडून एकमेकांना दाखवलं. गुरुजींचं तोंड बंद होतं, हेच नवीन.

गंगाखेड, पालमकडची लेकरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. परत आली की पूर्वी ती मागच्या भिंतीला टेकून बसत. आता ती जिथं थांबली होती, तिथूनच सुरू करत. अशाच एका पोरीनं परतल्यावर शब्दडोंगर रचला होता:

कोयता
बापाचा कोयता
माझ्या बापाचा कोयता
माझ्या बापाचा कोयता ट्रकात राहिला

असं वाक्य पाठ्यपुस्तकातून येत नाही.

‘फरशीवर काय दुकान मांडलंय?’ म्हणून हसणारे तेव्हा होतेच. त्यांचं मी मनावर घेतलं नाही. राग आहे तो डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांचा. शंभर टक्के शाळा प्रगत दाखवायची घाई त्यांनाच झाली. ज्याला वजाबाकी येत नव्हती, तोही कागदावर प्रगत झाला. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, बातम्या छापून आल्या; वीजबिल थकलं तसे ते कपाटात गेले. 2017 मध्ये ऑनलाइन बदल्यांचं धोरण आलं. एकमेकांचे वर्ग बघून शिकणारे गट त्यात फुटले. नव्यानं आलेल्या गुरुजीला त्या फरशीचं करायचं काय, हे सांगायलाच कोणी उरलं नाही.

पुढं तिसरीपर्यंत वाचन-गणित पक्कं करायचं निपुण भारत अभियान आलं. उद्दिष्ट चांगलंच आहे, पण गुरुजीच्या हातात गठ्ठ्याऐवजी मोबाइल आला. कृती झाली की नाही ते नंतर, आधी फोटो. 2023-24 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षाही परतली. परीक्षेला माझा विरोध नाही. पण लेकरू का अडलं हे बघायला गुरुजीला वेळच ठेवायचा नाही आणि वर्षाअखेरीला त्या लेकरालाच नापास करायचं, हा न्याय मला मान्य नाही.

शाळाभेटीला येणाऱ्या साहेबांना एवढंच सांगणं आहे: मोबाइल खिशात ठेवा, नोंदवह्या मागू नका. अर्धा तास लेकरांत खाली बसा आणि त्यांना वजाबाकी करून दाखवायला सांगा.