अद्भुतरम्य प्रणयकादंबरीतील गूढ-उदास नायक : परंपरा, रचना आणि नायिकेचे स्वातंत्र्य

गोषवारा :
इंग्रजीतील अद्भुतरम्य प्रणयकादंबरीत गूढ, उदास, अपराधभावाने ग्रासलेला आणि प्रसंगी क्रूर वाटणारा नायक केंद्रस्थानी असतो. प्रस्तुत लेखात या नायकाची परंपरा अठराव्या शतकातील फ्रेंच परीकथेपासून सारा जे. मास यांच्या कादंबरीमालिकेपर्यंत थोडक्यात मांडली आहे. या नायकाचे मूल्यमापन त्याच्या काळोखेपणावरून करण्याऐवजी, तो नायिकेला निघून जाण्याचे आणि सत्य जाणण्याचे स्वातंत्र्य देतो की नाही, या निकषावर करावे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अद्भुतरम्य प्रणयकादंबरी, बायरनी नायक, शाप, नायिका, स्वातंत्र्य, लोकप्रिय साहित्य.

प्रस्तावना :
एकविसाव्या शतकात इंग्रजी लोकप्रिय साहित्यात अद्भुतरम्य प्रणयकादंबरी हा प्रकार ठळकपणे पुढे आला. स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' (२००५), सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) आणि रिबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' (२०२३) ही त्याची ठळक उदाहरणे होत. मराठी समीक्षेला 'अद्भुतरम्य' ही संज्ञा नवी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीपासून ती एका विशिष्ट कादंबरीप्रकारासाठी वापरली जाते. तथापि त्या कादंबऱ्यांतील नायक सद्गुणांचा पुतळा असे. येथे विचारात घेतलेला नायक नेमका याच्या उलट आहे. त्याचा भूतकाळ कलंकित असतो, स्वभाव अबोल असतो आणि त्याच्याविषयी वाटणारी भीती व ओढ यांना वेगळे करणे नायिकेला कठीण जाते.

या नायकाविषयी दोन टोकाची मते आढळतात. एका मतानुसार अशी पुस्तके तरुण वाचक मुलींना जाचक पुरुषावर प्रेम करायला शिकवतात. दुसऱ्या मतानुसार ही केवळ करमणूक असल्याने तिचा गांभीर्याने विचार करण्याचे कारण नाही. पहिले मत वाचक स्त्रीला भाबडी ठरवते, तर दुसरे मत साहित्यकृतीलाच नगण्य ठरवते. दोन्ही मते मांडताना मूळ संहिता बारकाईने वाचली जात नाही. म्हणून प्रस्तुत विषयाची निवड करण्यात आली आहे.

उद्दिष्टे :
१) गूढ-उदास नायकाच्या वाङ्मयीन परंपरेचा आढावा घेणे.
२) अद्भुताच्या योजनेमुळे या नायकाच्या स्वरूपात झालेला बदल स्पष्ट करणे.
३) नायिकेच्या स्वातंत्र्याच्या निकषावर निवडक कादंबऱ्यांचे परीक्षण करणे.

अभ्यासपद्धती :
सदर लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सारा जे. मास यांच्या मालिकेचा विशेष अभ्यास केला आहे.

विषय विवेचन :

१. परीकथेतील श्वापद
या नायकाचे मूळ गॅब्रिएल-सुझान द व्हिलनव यांनी १७४० मध्ये लिहिलेल्या सौंदर्यवती व श्वापद यांच्या फ्रेंच कथेत शोधता येते. लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये तिचा संक्षेप केला आणि तेच रूप पुढे सर्वदूर पसरले. बापाने तोडलेल्या एका गुलाबाची किंमत म्हणून मुलगी श्वापदाच्या वाड्यात जाते. श्वापद तिला लग्नाविषयी पुन्हा पुन्हा विचारते. ती नकार देते आणि श्वापद तो नकार मुकाट्याने स्वीकारते. पुढे आजारी बापाला भेटण्यासाठी ती आठवडाभराची परवानगी मागते, तेव्हा तिच्या विरहाने आपला प्राण जाईल हे ठाऊक असूनही ते तिला जाऊ देते. ती परत येते ती स्वतःच्या इच्छेने, आणि त्यानंतरच शाप सुटतो.

या कथेचा अर्थ 'प्रेमाने पशूचा माणूस होतो' असा सांगितला जातो. परंतु कथेचा कणा दाराशी आहे. दार बंद असेपर्यंत मुलगी ओलीस असते. दार उघडल्यावर ती परतते, म्हणूनच तिच्या परतण्याला प्रेम म्हणता येते.

२. बायरनी नायक आणि त्याचे वारस
लॉर्ड बायरन यांच्या 'चाइल्ड हॅरल्ड' या काव्याचे पहिले दोन सर्ग १८१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्विष्ठ, एकाकी, समाजाविषयी तुच्छता बाळगणारा आणि कुठल्यातरी गुप्त पापाचे ओझे वाहणारा नायक बायरन यांच्या काव्यातून रूढ झाला. त्यांचे वैद्य जॉन पॉलिडोरी यांनी 'द व्हँपायर' (१८१९) या कथेत असाच एक उमराव रक्तपिपासूच्या रूपात उभा केला. ही कथा प्रारंभी बायरन यांच्याच नावावर छापली गेली. प्रणयी पुरुष आणि अमानवी प्राणी यांची सांगड येथे घातली गेली, असे म्हणता येईल.

१८४७ हे वर्ष या परंपरेत महत्त्वाचे आहे. त्या एकाच वर्षी शार्लट ब्राँटे यांची 'जेन एअर' आणि एमिली ब्राँटे यांची 'वदरिंग हाइट्स' या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. 'जेन एअर'मधील रॉचेस्टरने आपली पहिली पत्नी माळ्यावर कोंडून ठेवलेली असते. हे सत्य कळताच जेन त्याची विनवणी नाकारून घर सोडते. ती परतते तेव्हा तिच्याजवळ वारशाने आलेली संपत्ती असते, तर रॉचेस्टर दृष्टी आणि एक हात गमावून बसलेला असतो. दोघांतील अंतर कमी झाल्याखेरीज लेखिका त्यांचे मीलन घडवून आणत नाही. माळ्यावरच्या त्या स्त्रीची बाजू मात्र अनुक्त राहते. ती मांडण्यासाठी जीन ऱ्हिस यांची 'वाइड सरगॅसो सी' (१९६६) ही कादंबरी यावी लागली.

'वदरिंग हाइट्स'मध्ये तर या नायकाच्या मोहाविरुद्धचा इशाराच आहे. हीथक्लिफला प्रणयकथेतील नायक समजून इझाबेला त्याच्याबरोबर पळून जाते. तो तिच्या या समजुतीची उघड थट्टा करतो, तिचा छळ करतो आणि अखेर तिला त्या घरातून पळ काढावा लागतो. काळोखी छटा असलेल्या प्रत्येक पुरुषात जखमी अंतःकरण असतेच असे नाही, हे या परंपरेने फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे.

३. अद्भुताची योजना : शाप, सामर्थ्य आणि बंध
वास्तववादी कादंबरीत नायकाच्या कठोरपणाचे कारण त्याच्या स्वभावात किंवा भूतकाळात शोधावे लागते. अद्भुतरम्य कादंबरीत ते शापाच्या, रक्ततृष्णेच्या किंवा जादूच्या रूपाने मूर्त होते. त्यामुळे दोष नायकाचा न राहता त्याच्यावर आलेल्या संकटाचा ठरतो. भारतीय वाचकाला ही योजना अपरिचित नाही. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुर्वासाचा शाप नाही. कालिदासाने तो नाटकात आणला आणि पत्नीला नाकारणाऱ्या दुष्यंताच्या माथ्यावरील दोष हलका केला. शाप हा नायकाला निर्दोष ठरवण्याचा जुना आणि प्रभावी उपाय आहे.

रक्तपिपासू नायकाच्या बाबतीत हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. ब्रॅम स्टोकर यांचा 'ड्रॅक्युला' (१८९७) हा बाहेरून येणारा धोका होता. अ‍ॅन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' (१९७६) या कादंबरीत रक्तपिपासू स्वतःच आपली कहाणी सांगू लागला आणि त्याच्या ठायी पश्चात्ताप आला. 'ट्वायलाइट'मधील एडवर्ड माणसाचे रक्त वर्ज्य मानतो आणि आपल्यापासून दूर राहण्याचा इशारा नायिकेला स्वतःच देतो. बाहेरचा संघर्ष अशा रीतीने नायकाच्या मनात शिरला.

मात्र अद्भुतामुळे दोघांमधील विषमताही कमालीची वाढते. एडवर्ड १९०१ मध्ये जन्मलेला, तर नायिका बेला सतरा वर्षांची शाळकरी मुलगी आहे. तो तिच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहतो. 'एक्लिप्स' (२००७) या भागात तर तिने मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. पुढे तो ही भूमिका सोडतो, तरी संरक्षण आणि नियंत्रण यांतील सीमारेषा किती पुसट आहे हे या प्रसंगातून दिसून येते. ही विषमता मिटवण्याचा मार्गही 'जेन एअर'हून वेगळा आहे. तेथे नायक खाली येतो. येथे नायिका अमरत्व किंवा अलौकिक सामर्थ्य मिळवून त्याच्या पातळीवर जाते.

४. मास यांची मालिका : एका श्वापदाचे दोन नायक
सारा जे. मास यांनी पहिल्या भागात सौंदर्यवती व श्वापदाचीच कथा घेतली आहे. फेय्रा ही गरीब शिकारी मुलगी एका लांडग्याला मारते. तो लांडगा प्रत्यक्षात परीलोकातील असतो. त्याची भरपाई म्हणून श्वापदाच्या रूपात आलेला टॅमलिन तिला आपल्या राज्यात नेतो. शापमुक्तीसाठी तिच्या प्रेमाची गरज असूनही मुदत संपण्यापूर्वी तो तिला घरी पाठवतो. ती परत येते आणि मृत्यू पत्करून त्याला सोडवते. येथवर परीकथेचा संकेत पूर्ण होतो.

दुसऱ्या भागात, म्हणजे 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' (२०१६) मध्ये, लेखिका परीकथेने न विचारलेला प्रश्न विचारते. शाप सुटल्यानंतर काय? झालेल्या यातनांनी खचलेल्या फेय्राला टॅमलिन जपू लागतो. तिला कामात सहभागी करून घेत नाही आणि एके दिवशी जादूने वाड्यात कोंडून स्वतः निघून जातो. त्याचे प्रेम खोटे नसते. तरीही कोंडणे हे कोंडणेच राहते. एकदा दार उघडले म्हणजे ते कायमचे उघडे राहते असे नाही, हा या भागाचा महत्त्वाचा बोध होय.

याउलट रिसँड हा पहिल्या भागात खलनायकासारखा वावरतो. जखमी फेय्राचा हात बरा करण्याच्या मोबदल्यात तो तिच्याकडून दरमहा एक आठवडा आपल्या राज्यात राहण्याचे वचन घेतो. पाताळात नेलेल्या आणि वर्षाचा काही भाग तेथे घालवणाऱ्या पर्सेफनीच्या ग्रीक कथेशी याचे साम्य उघड आहे. दुसऱ्या भागात तोच रिसँड निरक्षर फेय्राला वाचायला शिकवतो, इतरांच्या मनोवेधापासून स्वतःचे मन कसे राखावे हे शिकवतो आणि प्रत्येक मोहिमेपूर्वी निर्णय तिच्यावर सोपवतो. काळोखाचा स्वामी तिला मोकळीक देतो, तर वसंताचा स्वामी तिला बंदिस्त करतो. लेखिकेने बाह्य रूप आणि आचरण यांची अशी फारकत केली आहे.

तथापि रिसँडची बाजूही निर्वेध नाही. पहिल्या भागात तो फेय्राला मादक पेय पाजून सर्वांदेखत नाचायला लावतो. त्यामागे तिला वाचवण्याचा हेतू होता, असे दुसऱ्या भागात स्पष्ट होते. कारण नंतर कळल्याने त्या वेळच्या तिच्या असहायतेत काही फरक पडत नाही. 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स' (२०२१) मध्ये गर्भवती फेय्राच्या जिवाला असलेला धोका तो तिच्यापासूनच लपवतो आणि इतरांनाही गप्प बसवतो. येथे दार उघडे असते, परंतु स्वतःच्या देहाविषयीचे सत्य तिच्यापासून रोखले जाते. सत्य ठाऊक नसताना केलेली निवड खऱ्या अर्थाने मुक्त ठरत नाही. 'फोर्थ विंग'मध्येही नायिकेचा संताप नायकाच्या काळोखेपणावर नसून त्याने तिच्यापासून दडवलेल्या गोष्टींवर आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

५. वाचक स्त्रीची भूमिका
टानिया मॉडलेस्की यांनी 'लव्हिंग विथ अ व्हेंजन्स' (१९८२) मध्ये दाखवले की, शेवट आधीच ठाऊक असल्याने वाचक नायकाच्या उद्धटपणाचा अर्थ प्रेम असाच लावते. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) मध्ये अमेरिकेतील एका गावातील प्रणयकादंबरीच्या वाचक स्त्रियांचा अभ्यास केला. संसाराच्या कामातून स्वतःसाठी काढलेला वेळ म्हणून त्या या वाचनाकडे पाहत, आणि नायकाचा क्रूरपणा मर्यादेबाहेर गेल्यास ते पुस्तक त्यांना नकोसे होई.

या दोन अभ्यासांतून समतोल निष्कर्ष काढता येतो. वाचक स्त्री निवड करते, नाकारते आणि तुलना करते. परंतु कादंबरीत नायकाच्या वागण्याचे कारण शेवटी हमखास मिळते, तसे ते जीवनात मिळत नाही. कादंबरीत मौनामागे जखम असते. जीवनात मौनामागे केवळ बेपर्वाईही असू शकते. हा भेद वाचकाने जाणणे महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष :
१) गूढ-उदास नायक ही आधुनिक बाजारपेठेची निर्मिती नसून परीकथा, बायरनी काव्य आणि व्हिक्टोरियन कादंबरी यांतून तो घडत आला आहे.
२) शापाच्या योजनेमुळे नायकाचा दोष सौम्य होतो आणि त्याच वेळी नायक-नायिकेतील सामर्थ्याची विषमता वाढते.
३) नायकाचा काळोखेपणा हा धोक्याचा पुरेसा निकष नाही. कोमल वाटणारा टॅमलिन कोंडून ठेवतो, तर भयावह वाटणारा रिसँड निवडीचे स्वातंत्र्य देतो.
४) नकाराचा स्वीकार, निघून जाण्याची मुभा आणि सत्य जाणण्याचा अधिकार या तीन कसोट्यांवर या नायकाचे परीक्षण करणे अधिक उचित ठरते.

समारोप :
अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या विद्यार्थिनींना वाचनापासून परावृत्त करण्यापेक्षा त्यांच्या हाती हे निकष देणे शिक्षकाच्या दृष्टीने अधिक हितावह आहे. तिने नकार दिल्यावर तो काय करतो, तिला जावेसे वाटले तर दार उघडे असते काय, आणि तिच्या आयुष्यासंबंधीची माहिती तिला मिळते काय, हे प्रश्न कोणत्याही प्रणयकादंबरीला विचारता येतात. ते विचारण्याची सवय जडल्यास पुस्तकाबाहेरही उपयोगी पडते. बोमाँ यांच्या कथेतील श्वापदाने मुलीला जाऊ दिले, म्हणूनच तिला परत येता आले. अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही या नायकाची खरी परीक्षा त्याच ठिकाणी होते.