भावांतर योजना : स्वरूप, हिशेब आणि मर्यादा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील टोपी बाजार ही किरकोळ व्यापाराची जुनी पेठ आहे. अशा पेठेतील उलाढाल बऱ्याच अंशी डबऱ्यासारख्या मंड्यांत शेतमालाला काय भाव मिळतो यावर अवलंबून असते. म्हणून शेतमालाच्या भावाला शासन कशा प्रकारे आधार देते, हा विषय केवळ शेतकऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही.

पार्श्वभूमी

कृषी मूल्य आयोग १९६५ मध्ये स्थापन झाला. तेव्हापासून हमी भावाची पद्धत रूढ झाली. तिचा प्रत्यक्ष लाभ प्रामुख्याने गहू व भात या पिकांना मिळाला, कारण त्यांची सरकारी खरेदी होते. कडधान्ये व तेलबियांचे हमी भाव जाहीर होत असले तरी खरेदी अपुरी असते. जून २०१७ मध्ये मध्य प्रदेशात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले आणि मंदसौर येथे पोलीस गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्य शासनाने सोयाबीन, उडीद, मूग, तूर, तीळ आदी आठ खरीप पिकांसाठी भावांतर भुगतान योजना लागू केली.

हिशेबाची पद्धत

भावांतर म्हणजे दोन भावांतील फरक. या योजनेत शासन माल विकत घेत नाही. शेतकरी मंडीत माल विकतो आणि फरकाची रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा होते. मात्र हा फरक मोजताना मध्य प्रदेश व अन्य दोन राज्यांतील भावांवरून काढलेला सरासरी भाव ही खालची मर्यादा मानली जाते.

२०१७ मध्ये उडदाचा हमी भाव क्विंटलला ५,४०० रुपये होता. सरासरी भाव ३,००० रुपये निघाला असे समजू.

१) ज्याला ३,५०० रुपये भाव मिळाला, त्याला १,९०० रुपये फरक मिळेल. एकूण ५,४०० रुपये.

२) ज्याला २,५०० रुपयेच मिळाले, त्याला फरक २,४०० रुपये मिळेल. एकूण ४,९०० रुपये.

३) ज्याने ५,५०० रुपयांना माल विकला, त्याला काहीही मिळणार नाही.

यावरून स्पष्ट होते की, ज्याची सौद्यात सर्वाधिक कोंडी होते, त्यालाच हमी भाव पूर्ण मिळत नाही. उधारी फेडण्याच्या घाईत माल काढणारा लहान शेतकरी बहुधा याच वर्गात येतो.

मर्यादा

ठरलेल्या मुदतीतच विक्री करावयाची असल्याने मंडीत आवक एकदम वाढते व भाव आणखी घसरण्याचा संभव असतो. फरक शासन देणार हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेपेक्षा अधिक मालावर रक्कम मिळत नाही. गावातच माल विकणाऱ्याचा या योजनेत समावेश नाही. नोंदणी जमिनीच्या कागदांवर आधारित असल्याने तोंडी बोलीवर बटाईने शेती कसणाऱ्याला आपला हक्क सिद्ध करणे कठीण जाते.

इतरत्र

अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अशीच फरक देण्याची पद्धत आणली व १९९६ मध्ये ती बंद केली. भारतात केंद्राने २०१८ मध्ये पीएम-आशा योजनेत तेलबियांसाठी तिचा स्वीकार केला. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे ठरविले. येथे विक्रीची अट नाही, परंतु पिकाची नोंद आवश्यक ठरली. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२५ पासून सोयाबीनसाठी, ५,३२८ रुपये हमी भाव धरून, भावांतर पुन्हा सुरू केले.

निष्कर्ष

खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द मूळ अरबी. पहिल्याचा अर्थ शरद, दुसऱ्याचा वसंत. ऋतूंची ही नावे हंगामांना मिळाली आणि हंगामांवरच महसुलाचे हिशेब बेतले गेले. त्या हिशेबात शेत कुणाच्या नावावर आहे हे पाहिले जाई. आजच्या योजनेतही तेच पाहिले जाते. शेत कोण कसतो, याची नोंद होत नाही तोपर्यंत भावांतराची रक्कम कितीही वाढविली तरी ती बटाईदाराच्या हाती पडेलच असे नाही. वर्गात हा विषय शिकविताना वरील तीन उदाहरणे फळ्यावर मांडून चौथा रकाना या बटाईदारासाठी ठेवावा.