सुटका झाली, कामाचे काय?

१९९४ च्या भुसावळ खटल्यातील ११ जणांना नाशिकच्या विशेष टाडा न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये निर्दोष सोडले. पाव शतक गेले! निर्दोष सुटलेल्यालाही लोक 'आत जाऊन आलेला' म्हणतात, मग शिक्षा भोगून आलेल्याची काय कथा?

आमच्या खान्देशात धुळ्याचे यंत्रमाग आहेत, जळगावच्या डाळमिल, चटईचे कारखाने आहेत. गाडी अडते चारित्र्य पडताळणीपाशी, आणि खरे तर आपल्याच मालकांच्या मनापाशी. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जदारही आहे. वकिलाच्या फीपायी सुटून आलेला बहुधा कर्जात असतोच. रमजानमध्ये रेशनची पाकिटे आपण वाटतोच. त्याच जकातीतून यंदा मोहल्ल्यातल्या अशा एकाचे कर्ज फेडू, आणि मागावर त्याला उभे करायला एखादा मालक शोधू.