तहानेचा नकाशा

मुंबईच्या नळाला येणारे पाणी कोठून येते, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी 'तलावातून' असे उत्तर देतील. ते बरोबर आहे. मुंबईला पाणी पुरविणारे तलाव सात. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव मुंबईतच आहेत. उरलेले पाच दूर सह्याद्रीच्या बाजूला आहेत. सातही तलाव काठोकाठ भरले म्हणजे त्यांत वापरण्याजोगे पाणी १४,४७,३६३ दशलक्ष लिटर इतके होते, आणि यांतले ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसा जलाशयात असते. म्हणजे जवळजवळ निम्मे! हे भातसा धरण ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरणही याच तालुक्यातले. शेजारच्या मुरबाड तालुक्याच्या हद्दीवर बारवीचा जलाशय आहे. त्याचे पाणी कारखान्यांना आणि खाडीकाठच्या शहरांना जाते.

आता दुसरी गोष्ट. याच शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या अनेक पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. हे पाडे बहुधा कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली अशा आदिवासींचे असतात. काही पाड्यांवरून तर जलाशयाचे चकाकते पाणी डोळ्यांना दिसते.

हा अन्याय आहे, असे तुम्ही लगेच म्हणाल. म्हणणे सोपे आहे. पण तहसीलदार कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत तेवढ्याने काम भागत नाही. तेथे विचारतात: कोणता पाडा? माणसे किती? पाणी कोणत्या महिन्यात संपते? जवळचे पाणी किती लांब, किती खाली? या प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडण्याचे साधन म्हणजे नकाशा. निसर्गातल्या चांगल्या गोष्टी कोणाच्या वाट्याला किती येतात आणि त्रास कोणाच्या वाट्याला किती येतो, हे मोजून शासनापुढे मांडण्याच्या या खटाटोपाला 'पर्यावरणीय न्याय' असे नाव आहे. नाव जडच आहे. पण त्यातले गणित तुम्हांला येते.

प्रथम पाणी का संपते ते पाहू. या भागात पाऊस थोडाथोडका पडत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि डोंगराकडे त्याहूनही अधिक पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जमिनीचा उतार तीव्र, आणि खाली काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. कातळाच्या वरचा झिजून भुसभुशीत झालेला मुरुमाचा थर पाणी धरून ठेवतो. पण तो पातळ असतो. खालच्या घट्ट कातळात भेगा असतील तेवढेच पाणी मुरते. बाकीचे नाल्याने नदीला आणि नदीने धरणाला जाते. धरणाला जे उपकारक, तेच पाड्याला मारक: उतार आणि कातळ! विहिरीत दिवाळीला जे भरपूर पाणी दिसते, ते या पातळ थरातून हळूहळू खाली पाझरून होळीपर्यंत निघून जाते.

आता आकड्यांची एक गंमत पाहा. (गंमत कसली, फसवणूकच.) समजा, एका गावची लोकसंख्या २,००० आहे. मूळ गावठाणात १,२०० लोक राहतात, आणि तीन पाड्यांवर अनुक्रमे ३००, ३०० व २००. गावठाणात माणशी रोज ८० लिटर पाणी मिळते, पहिल्या पाड्यावर ४०, दुसऱ्यावर १० आणि तिसऱ्यावर ५ लिटर. एकूण पाणी किती झाले? ९६,००० अधिक १२,००० अधिक ३,००० अधिक १,०००, म्हणजे १,१२,००० लिटर. त्याला २,००० ने भागा. उत्तर येते ५६ लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मोहिमेत माणशी रोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाने मिळावे असे ठरविले आहे. तेव्हा आपले गाव उत्तीर्ण झाले! तक्त्यात त्याच्यापुढे बरोबरची खूण पडेल आणि पाच लिटरमध्ये दिवस काढणारी दोनशे माणसे त्या खुणेखाली झाकून जातील.

हे गाव कल्पनेतले आहे, पण अडचण खरी आहे. सरकारी दप्तरात महसुली गाव हे मोजणीचे एकक आहे. जनगणना गावाची होते, सात-बारा गावाचा असतो. पाडा गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर दूर डोंगराच्या सोंडेवर असला तरी त्याची माणसे गावाच्या बेरजेत मिसळून टाकलेली असतात. म्हणून तहानेचा नकाशा काढताना पहिली अट अशी की, ठिपका गावाचा काढायचा नाही, पाड्याचा काढायचा.

हा नकाशा शाळेतही काढता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळतात. आता ते संगणकावरही उतरवून घेता येतात. या नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्यावरच्या तपकिरी वळणदार रेषा म्हणजे समोच्चरेषा. एका रेषेवरची सर्व ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीची असतात, आणि लागून असलेल्या दोन रेषांत २० मीटरचा फरक असतो. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून पाड्यांचे ठिपके काढा. दुसऱ्या कागदावर विहिरी, विंधण विहिरी आणि झरे काढा. तिसऱ्यावर रस्ते, चौथ्यावर धरणे व कालवे. हे कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले की जे दिसते तेच संगणकावरच्या 'भौगोलिक माहिती प्रणाली'त दिसते. संगणक हजारो कागद क्षणात एकमेकांवर ठेवतो आणि त्यांतली अंतरे मोजतो, एवढाच फरक. उंचीचे आकडे आता उपग्रहांवरूनही मिळतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ पासून अशी माहिती पुरवीत आहे.

आता कंपासपेटी काढा. १९७२ साली केंद्र सरकारने ग्रामीण पाणीपुरवठ्याचा त्वरित कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून एक कसोटी दीर्घकाळ वापरली गेली: सपाट प्रदेशात १.६ किलोमीटरच्या आत, आणि डोंगराळ भागात १०० मीटर उंचीच्या फरकाच्या आत पाणी असले पाहिजे. माणशी रोज ४० लिटर मिळाले पाहिजे. आपल्या नकाशावर १.६ किलोमीटर म्हणजे ३.२ सेंटिमीटर. प्रत्येक पाड्याभोवती एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. वर्तुळात विहीर आहे का पाहा. असल्यास पाडा आणि विहीर यांच्यामध्ये किती समोच्चरेषा ओलांडाव्या लागतात ते मोजा. पाच अंतरे ओलांडली की झाले शंभर मीटर, म्हणजे तीस मजली इमारतीएवढी चढण.

या कसोटीचेही गणित करून पाहण्यासारखे आहे. पाच माणसांच्या घराला ४० लिटरप्रमाणे २०० लिटर लागतात. डोक्यावर दोन हंडे घेऊन एका खेपेला २४ लिटर आणले, असे धरू. आठ-नऊ खेपा झाल्या. विहीर नेमकी १.६ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३.२ किलोमीटर, आणि सगळ्या खेपा मिळून सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. रोज! कसोटीला उतरलेल्या पाड्यावर हा हिशेब. अर्थात कोणी एवढे चालत नाही. घरातली बाई दोन-तीन खेपा करते आणि सारे घर तेवढ्यात भागवते. घरातली मोठी मुलगी या खेपांत असली तर शाळेच्या हजेरीपटावरही त्याची नोंद उमटते.

अजून काळाचा हिशेब झालेला नाही. ऑक्टोबरमधला विहिरींचा कागद आणि मे महिन्यातला कागद एकच असू शकत नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा काम करते. ती निवडक विहिरींची पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. जिल्ह्याचा टंचाई आराखडाही ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन भागांत करतात. तेव्हा विहिरींचे चार कागद करावेत आणि कोरड्या विहिरी त्या-त्या कागदावरून खोडून टाकाव्यात. ऑक्टोबरमध्ये ज्या पाड्यांच्या वर्तुळात दोन-तीन विहिरी होत्या, त्यांतली काही वर्तुळे मेमध्ये रिकामी दिसतील. कोणता पाडा कोणत्या महिन्यात रिकामा होतो हे आधीच्या वर्षांच्या नोंदींवरून कळले, तर टँकरचा अर्ज विहीर आटल्यावर न करता आधीच करता येतो.

येथे एका खड्ड्यापासून सावध राहिले पाहिजे. टंचाई कोठे आहे हे ठरविण्यासाठी टँकरच्या नोंदी घेणे सर्वांत सोपे. त्या तयारच असतात. पण ज्या पाड्याला रस्ता नाही तेथे टँकर चढतच नाही. नोंदवहीत त्याच्यापुढे शून्य येते, आणि नकाशावर तो पाडा सुखी पाड्यासारखा पांढरा दिसतो. म्हणून टँकरचा कागद रस्त्यांच्या कागदाशिवाय वाचू नये. माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी तीच घाईत गाळली जाते.

एकक बदलले की उत्तर कसे बदलते, याचे एक नामांकित उदाहरण अमेरिकेत घडले. १९८२ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्यातल्या वॉरेन परगण्यात विषारी रसायन मिसळलेली माती पुरण्याचे ठरले. तेथे बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची होती. लोकांनी रस्त्यावर आडवे पडून मालमोटारी अडविल्या. पुढच्या वर्षी सरकारी तपासणी झाली तेव्हा आग्नेयेकडच्या आठ राज्यांतल्या अशा चार जागांपैकी तीन कृष्णवर्णीयांच्या वस्तीत असल्याचे आढळले. १९८७ मध्ये एका चर्चसंस्थेच्या आयोगाने टपाल विभाग हे एकक धरून साऱ्या देशाचा हिशेब मांडला. त्यातही तेच दिसले. पुढे काही अभ्यासकांनी जनगणनेचे लहान विभाग धरले, आणि फरक पुसट झाला! तंटा बराच चालला. शेवटी घातक जागेभोवती ठरावीक अंतराची वर्तुळे काढून आत राहणारी माणसे मोजली, तेव्हा फरक पुन्हा ठळक दिसला. कारण धूर आणि दूषित पाणी विभागाची हद्द पाहून थांबत नाही. आपल्या पाड्यांभोवती आपण वर्तुळ काढले ते याच कारणाने.

बरे, वर्तुळ रिकामे आहे हे सिद्ध झाले. मग पाणी आणायचे कोठून? 'भातसात एवढे पाणी आहे, तेच वर चढवा,' असे कोणीही म्हणेल. किती वीज लागेल? भातसा जलाशय पूर्ण भरला म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १४२ मीटर असते. समजा, पाडा ३०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे पाणी सुमारे १६० मीटर उचलायचे. पाड्यावर ३०० माणसे, माणशी ५५ लिटर. रोजचे १६,५०० लिटर, म्हणजेच १६,५०० किलोग्रॅम. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, हे सूत्र तुम्ही शिकला आहात. उत्तर येते सुमारे २ कोटी ५९ लाख ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून सात युनिटांहून थोडे अधिक. पंपात आणि नळात निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले तरी रोज चौदा-पंधरा युनिटे पुरतात. तीनशे माणसांच्या पाण्याला एवढीच वीज! खर्च आणि अडचण खरी आहे ती नळ टाकण्यात, पंप चालू ठेवण्यात आणि विजेचे बिल कोणी भरायचे ते ठरविण्यात. एका गावाला हे जड जाते. म्हणून अनेक गावांची मिळून एक योजना करतात. कोणत्या पाड्याला कोणत्या मार्गाने किती जाडीचा नळ न्यायचा, याचे पर्याय इतके असतात की हाताने हिशेब संपत नाही. त्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 'जलतंत्र' नावाची संगणक आज्ञावली तयार झाली आहे. पाड्यांची उंची, लोकसंख्या आणि अंतरे दिली की ती सर्वांत कमी खर्चाची नळांची मांडणी सुचविते.

समोच्चरेषांचा कागद नीट पाहिला तर आणखी एक वाट सुचते. पाणी खालून वर चढविण्याऐवजी वरून खाली आणले तर? शहापूरच्या पूर्वेला कसारा घाट चढला की नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका लागतो. तेथले भावली धरण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्याचे पाणी केवळ उताराने शहापूर तालुक्यातल्या ९७ गावांना आणि २५९ पाड्यांना देण्याची योजना आखण्यात आली. पाहा, येथे पाडे वेगळे मोजले आहेत! पंप नको, वीज नको. पण घाट उतरताना नळातला दाब दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका वाढत जातो. तीनशे मीटर उतरले की तीस वातावरणांचा दाब होऊन साधा नळ फुटेल. म्हणून वाटेत टाक्या बांधून दाब तोडावा लागतो. टाकी कोठे घ्यायची हे पुन्हा समोच्चरेषाच सांगतात. चुकून ती पाड्याच्या पातळीखाली घेतली, तर कितीही मोठा नळ टाकला तरी त्या पाड्यावर थेंब चढणार नाही.

आणि भावलीचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातले. ते घाटाखाली आणायचे तर इगतपुरी तालुक्यातल्या पाड्यांची वर्तुळेही मे महिन्यात कशी दिसतात ते पाहावे लागते. म्हणजे पूर्वेकडचा आणखी एक नकाशा घेऊन आपल्या कागदाला जोडायचा, आणि पाड्यांचे ठिपके पुन्हा पहिल्यापासून काढायचे.