संगणकाचा पडदा आणि पापण्यांची उघडझाप

संशोधकाचे बरेचसे वाचन आता पडद्यावर होते, आणि सायंकाळी डोळे चुरचुरू लागले की दोष सहसा पडद्याच्या निळ्या प्रकाशाला दिला जातो. ही समजूत फारशी साधार नाही. हा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरील प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेने २०२३ साली परामर्श घेतला. त्यांनी अल्पावधीत तरी डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचे आढळले नाही. विक्रेत्यांचा उत्साह त्यामुळे मावळला आहे असे मात्र नव्हे.

कारण पापण्यांत शोधावयास हवे. पापणी मिटते तेव्हा स्वच्छमंडलावर अश्रूंचा पातळ थर नव्याने पसरतो; ती वेळेवर मिटली नाही तर हा थर जागोजागी फाटतो आणि उघडा पडलेला पृष्ठभाग सुकू लागतो. त्सुबोता व नाकामोरी या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १०४ कचेरी-कर्मचाऱ्यांची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध केली. स्वस्थ असता मिनिटास सरासरी २२ वेळा लवणारी पापणी पुस्तक वाचताना १० वेळा, तर पडद्यावरील मजकूर वाचताना अवघी ७ वेळा लवत होती.

म्हणजे एकाग्रतेचा परिणाम पुस्तकासही चुकत नाही. खरा भेद नजरेच्या दिशेचा आहे. मेजावरील पुस्तकाकडे पाहताना वरची पापणी खाली उतरते व डोळ्याचा सरासरी १.२ चौरस सेंटिमीटर भागच उघडा राहतो. समोर उभ्या पडद्याकडे पाहताना तो २.३ भरतो, आणि बाष्पीभवन त्या मानाने वाढते. यास्तव पडदा दृष्टिरेषेच्या काहीसा खाली असावा, आणि पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर नसावा.