घाटात ब्रेक ‘मऊ’ लागला तेव्हा...

चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरत होतो. पिकअप धाकट्या भावाची, मागे मंडपाचे सामान खचाखच, शेजारी मी. निम्म्या घाटात भावाने ब्रेकवर पाय दिला, तो पार तळाला टेकला! हातब्रेक, खालचा गिअर आणि आमची कुलदेवता या तिघांनी मिळून गाडी थांबवली. नवल असे की, पाऊण तासाने ब्रेक पुन्हा ठणठणीत!

“दादा, मागचे ड्रम काढून डिस्कच बसवतो,” असा त्याने अकोल्यापर्यंत धोशा लावला. विचार वावगा नव्हता. ड्रम म्हणजे बंद डबा, उष्णता आत कोंडते. डिस्क उघडी, वाऱ्याने लवकर निवते.

अकोल्याच्या मिस्त्रींनी मात्र आधी ब्रेक ऑइलचे झाकण उघडले. तेल कोऱ्या चहासारखे!

“भाऊ, हे कधी बदललं होतं जी?”

भाऊ गप्प. मग उलगडा झाला. हे तेल हवेतली ओल शोषते. डॉट ३ जातीचे नवे तेल २०५ अंशांच्या आत उकळू नये असा दंडक. ओलावलेल्यासाठी तोच १४० वर येतो. उकळले की वाफ. तेल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय तळाला. डिस्क बसवल्या तरी आत तेल तेच! शिवाय हातब्रेक मागच्या ड्रममध्येच. त्याची निराळी सोय करावी लागली असती.

डिस्क राहिल्या. डॉट ४ तेल, मागचे लायनर, पुढचे पॅड एवढ्यावर भागले. घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा, अशी तंबीही मिळाली. तेल बदलल्याची तारीख भावजयीने कॅलेंडरावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली आहे.