घरातील आग : बारा महिन्यांची काळजी

घराला आग लागली की शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, "नशिबात होते, काय करणार!" परंतु घरातल्या पुष्कळ आगी आपल्याच निष्काळजीपणातून लागतात. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आधीच चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या, म्हणून हा लेखप्रपंच.

आपले आजोबा-पणजोबा गवताने शाकारलेल्या झोपड्यांत राहिले. चुलीची एक ठिणगी उडाली तरी त्यांची छाती धडधडत असे. १९६० साली आलिक्स आणि कॅरोल या चक्रीवादळांनी लाकडापत्र्याची असंख्य घरे पाडली आणि त्यानंतर गावोगावी सिमेंटची घरे उभी राहिली. तेव्हापासून आपण निर्धास्त झालो. सिमेंट जळत नाही हे खरे. पण आतली फोमची गादी, पडदे, प्लास्टिकच्या वस्तू जळतात आणि त्यांचा विषारी धूर बंद खोलीत कोंडतो. आगीत माणसे बहुधा ज्वाळांच्या आधी धुरानेच दगावतात.

जानेवारी ते मार्च हे वादळांचे दिवस. वीज गेली की मेणबत्ती पेटते. ती रुंद थाळीत पाणी घालून मध्ये उभी करावी, पडद्यापासून दूर ठेवावी आणि झोपण्यापूर्वी विझवावी. टॉर्च असेल तर फारच उत्तम. वीज जाते तेव्हा इस्त्री चालू असेल तर लगेच बटण बंद करावे. नाहीतर मध्यरात्री वीज परत येते आणि आपण झोपेत असतो. घरात पाणी शिरले असेल, तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नये.

महाशिवरात्रीची आठवण तर ताजीच आहे. मार्च २०२४ मध्ये गंगा तलावाच्या यात्रेत एका कावडीचा विजेच्या तारेला स्पर्श झाला, आग लागली आणि सहा यात्रेकरूंचे प्राण गेले. भक्ती मोठी असावी, कावड मोठी असण्याची गरज नाही.

जून ते सप्टेंबर थंडी. क्युरपिप-व्हाक्वाकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सोमवारी मुलांना गणवेश हवा, म्हणून तो हीटरवर टाकला जातो. ही सवय आजच सोडावी. हीटरभोवती निदान एक मीटर जागा मोकळी असावी. हीटर, किटली आणि फ्रीज एकाच एक्स्टेन्शनवर लावले की तार तापते आणि भिंतीमागे आग धुमसू लागते. प्लग गरम लागला, तर तो घराने दिलेला इशारा समजावा.

गणेश चतुर्थी म्हणजे आपल्या घरोघरचा आनंद. मखराला कागद, थर्माकोल, रंगीत दिवे. समोर निरांजन आणि कापूर. आरती झाली की सगळे जेवायला बसतात आणि देवापुढची ज्योत एकटीच राहते. तेथे एका मोठ्या माणसाने थांबावे. स्वयंपाकघरात मोदक-करंज्यांचे तेल पेटले, तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. पाणी तेलाखाली जाते, त्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल अंगावर उडते. गॅस बंद करावा, कढईवर धातूचे झाकण सरकवावे आणि ती थंड होईपर्यंत हलवू नये. दिवाळीत पणत्या लावताना सुती कपडे घालावेत, ओढणी-पदर खोचून घ्यावा.

बारा महिने सांभाळायचा तो गॅस. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. सिलिंडरचा नळ बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या आणि बाहेर पडावे. रबरी नळीला चिरा पडल्या, तर ती त्वरित बदलावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चोरांच्या भीतीने आपण खिडक्यांना लोखंडी गज लावले, दाराला दोन-दोन कुलुपे घातली. रात्री धूर भरला, तर आजी कोठून बाहेर येईल? किल्ली दाराजवळ ठरलेल्या जागी असावी आणि ती जागा लहान मुलालाही ठाऊक असावी. एका खिडकीचे गज तरी आतून उघडणारे असावेत. धुराची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र छताला लावावे. आम्ही शाळेत मुलांना शिकवतो की धुरात उभे राहू नका, रांगत बाहेर पडा, खेळण्यासाठी परत आत जाऊ नका, आणि बाहेर येऊन ११५ क्रमांकावर अग्निशमन दलाला फोन करा. भाजलेल्या जागी टूथपेस्ट किंवा लोणी न लावता वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे, हेही मुले पाठ म्हणतात.

मुलांना हे पाठ आहे, मोठ्यांनाही असावे. या रविवारी जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून एकदा ठरवावे: रात्री आग लागली तर कोणी कोणाला उठवायचे, कोणत्या दाराने निघायचे आणि अंगणात कोठे जमायचे. दहा मिनिटांचे काम आहे.